चौथ्या सकाळची फेरी

रामदास लक्ष्मण वालावलकर. जन्म वालावल, सावंतवाडी संस्थान, दिनांक ३० एप्रिल १९००. मृत्यू मुंबई, दिनांक ११ ऑगस्ट १९६७. गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यापासून दीडशे पावलांवर असलेल्या काशीबाई विजयकर उतारूगृहाचे ते १९२९ पासून १९६० पर्यंत व्यवस्थापक होते. एकतीस वर्षे जिन्याखालच्या एकाच खोलीत राहून त्यांनी हजारो माणसांची मुंबईत उतरण्याची सोय केली. आणि ज्या दिवशी ते निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांची स्वतःची सोय मात्र कोठेच नव्हती. हे कसे घडले आणि त्याचा निकाल कसा लागला, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

उतारूगृहाला चौदा खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत दोन लोखंडी खाटा, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीत चार खुंट्या आणि पाण्याचा तांब्या. ऊन पाणी सकाळी साडेसहा ते आठ. भाडे माझ्या वेळी दिवसाला सव्वा रुपया. खिडकी उघडली की समोरच्या चाळीतले संभाषण आपल्याला ऐकू येई आणि आपले त्यांना. कोणी त्या इमारतीस देखणी म्हणाले नाही. परंतु तेथून चर्नी रोड स्टेशन पायी दहा मिनिटांवर, कोर्टकचेऱ्या बसने पंधरा मिनिटांवर आणि परळची इस्पितळे अर्ध्या तासावर. त्यामुळे कोकण, बेळगाव, खानदेश, कोठूनही मुंबईत काम काढून येणाऱ्या बेताच्या ऐपतीच्या माणसाला त्या जागेचा पत्ता ठाऊक असे.

अडचण एकच होती. उतारूगृह बांधणाऱ्या काशीबाईंनी एका तीर्थक्षेत्री अशी धर्मशाळा पाहिली होती, की जिच्या खोल्यांतून बिऱ्हाडे दोन-दोन पिढ्या चुली मांडून बसली होती आणि यात्रेकरू रस्त्यावर झोपत होते. म्हणून त्यांनी आपल्या व्यवस्थापत्रात सातवे कलम घातले : ‘कोणाही उतारूस सलग तीन दिवसांपेक्षा अधिक काळ वास्तूत राहू देऊ नये.’ मुंबईतली कामे तीन दिवसांत होत नाहीत, हे काशीबाईंना ठाऊक नसावे. वालावलकरांच्या आधीचे व्यवस्थापक एकतर या कलमाकडे काणाडोळा करीत, नाहीतर माणसाला सरळ बाहेर काढीत. वालावलकरांनी ते कलम नीट वाचले. त्यात ‘सलग’ असा शब्द आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

मी वाईहून १९५५ च्या ऑक्टोबरात एका सॉलिसिटरच्या कचेरीत नोकरीसाठी आलो आणि तेथे उतरलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वालावलकर स्वतः खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. किरकोळ बांधा, बंद गळ्याचा कोट, कोटाच्या खिशाला साखळीचे घड्याळ.

“उद्या तुमची चौथी सकाळ,” ते म्हणाले. “साडेसातला किल्ली द्यायची. सगळं सामान घेऊन बाहेर पडायचं. नाक्यावरच्या इराण्याला वळसा घालून परत यायचं. खोली रिकामी असली आणि तुमच्या आधी कोणी आलेलं नसलं, तर पुन्हा सही करा.”

“आणि कोणी आलेलं असलं तर?”

“तर त्याची सही.”

“मग मी कुठं जाऊ?”

“ते कलमात लिहिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी वळकटी आणि पेटी घेऊन इराण्याला वळसा घालून आलो. वालावलकरांच्या हातात माझी साबणाची वडी होती. ती खिडकीत राहिली होती. “तुम्ही अजून गेलेला नाहीत,” ते शांतपणे म्हणाले, आणि वडी माझ्या हाती देऊन मला पुन्हा फेरीवर पाठविले. मी जवळजवळ धावतच गेलो, कारण स्टेशनाच्या बाजूने एक गृहस्थ हातात बॅग घेऊन येत होते. ते समोरच्या चाळीत शिरले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

या फेरीला दुसराही उपयोग होता. उतारू बाहेर पडताच कौसल्या गमरे नावाच्या बाई खोलीत शिरत, चादरी ओढून काढीत, खाटा सरकवून कोपरे झाडीत आणि पाणी मारून फडके फिरवीत. कौसल्याबाई वरळीच्या बीडीडी चाळीत राहत. त्यांचे यजमान गणपत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. त्या वालावलकरांना ‘भाऊ’ म्हणत आणि वालावलकर त्यांना कधीही ‘कौसल्याबाई’ याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारीत नसत. “बसल्या माणसाच्या खालचं झाडता येत न्हाय,” असे त्या म्हणत. गिरगावात इतक्या स्वस्त भाड्यात ढेकूण नसलेली दुसरी जागा मी पाहिली नाही.

मी तेथे पाच महिने राहिलो आणि इराण्याला पन्नासच्या आसपास वळसे घातले. तीन वेळा माझी खोली गेली. त्यांपैकी एकदा ती बेळगावचे गंगाधरपंत मुतगेकर यांनी घेतली. गंगाधरपंतांचा बेळगावास छापखाना होता. सीमाभागातील गावांच्या सह्यांचे अर्ज घेऊन ते महिन्या-दीड महिन्याने मुंबईस येत. देह मोठा, वळकटी त्याहून मोठी. फेरीच्या नावाने ते कायम कुरकुरत.

१९५६ च्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्राच्या हाती देण्याचा निर्णय जाहीर झाला आणि शहर पेटले. ठिकठिकाणी गोळीबार झाले, संचारबंदी लागली. गुरुवारी, एकोणीस तारखेस, आम्हां नऊ उतारूंची चौथी सकाळ एकदमच उजाडली. पुढील दाराला अडसर होता. कौसल्याबाई वरळीहून येऊ शकल्या नव्हत्या. आम्ही सर्व खालच्या दालनात जमलो.

“वालावलकर, आज तरी सोडा की हो,” गंगाधरपंत म्हणाले. “बाहेर पाय टाकला तर गोळी घालत्यात.”

“बाहेर कोण म्हणालं? कलमात ‘वास्तू’ आहे. ‘आवार’ नाही.” असे म्हणून त्यांनी मागले दार उघडले. मागे भिंतीने वेढलेले लहानसे अंगण आणि मधोमध विहीर होती. “किल्ल्या द्या. सामान उचला. विहिरीला एक वळसा.”

नऊ माणसे पेट्या, वळकट्या, पिशव्या घेऊन विहिरीभोवती निघाली. आम्ही अर्ध्यावर असू नसू, तोच भिंतीवरून एका फौजदाराचे डोके वर आले.

“ए! काय चाललंय? मोर्चा काढताय?”

“मोर्चा नाही, साहेब,” वालावलकर म्हणाले. “हे लोक लॉज सोडताहेत.”

“सोडून कुठं चाललेत?”

“परत लॉजमध्ये.”

फौजदाराने टोपी मागे सारली. “जमावबंदी आहे, ठाऊक आहे ना? पाच माणसं एकत्र दिसली तर आत टाकीन.”

“आतच चाललोय की, साहेब!” गंगाधरपंत ओरडले. वालावलकरांनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी वळकटी डोक्यावरून खाली घेतली.

“चूक माझी आहे,” वालावलकर फौजदारास म्हणाले. “जमावबंदीचा विचार करायला हवा होता. चार-चार सोडतो.” आणि त्यांनी आम्हां सर्वांना आत घेऊन, चार, चार आणि एक अशा तुकड्या पाडून पुन्हा बाहेर काढले. शेवटचा एकटा मी होतो. तेवढ्या वेळात त्यांनी नऊ खोल्या स्वतः झाडल्या. फौजदार भिंतीपलीकडे अखेरपर्यंत उभा होता. जाता जाता त्याने विचारले, “हे दर तीन दिवसांनी?”

“होय.”

“रविवारी मीच ड्युटीवर आहे. आठच्या आत उरका.”

त्याच वर्षीच्या डिसेंबरात कौसल्याबाईंच्या चाळीने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्या सोमवारी कामावर आल्या त्या थेट वालावलकरांच्या टेबलापाशी गेल्या. मी तोवर दादरला बिऱ्हाड केले होते. पण सकाळी कचेरीत जाताना तेथे डोकावण्याची सवय सुटली नव्हती.

“भाऊ, तुमच्या त्या पगाराच्या वहीत माझ्या नावापुढं जात लिवलीय. ती खोडा.”

वालावलकरांनी सेवकांची नोंदवही काढली, तांबड्या शाईने एक सरळ रेघ ओढली, वर ‘बौद्ध’ असे लिहिले, खाली तारीख घालून सही केली आणि वही त्यांच्यासमोर फिरविली. “तुम्हीही सही करा. दुरुस्तीला दोन सह्या लागतात.”

कौसल्याबाईंनी सावकाश सही केली, मग विचारले, “आता माझा भाऊ खेडहून आला, तर त्याला खोली मिळंल का हितं?”

व्यवस्थापत्रात जातीची अट नव्हती. प्रत्यक्षात जी होती, ती कोणी लिहिलेली नव्हती. सत्तावीस वर्षांत तो प्रश्न वालावलकरांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता, हे त्यांनी पुढे माझ्यापाशी कबूल केले. “रांगेत उभे राहिले, तर त्यांचा नंबर लागेल,” ते म्हणाले. फेब्रुवारीत भाऊ डोळे दाखविण्यास आला आणि सहा नंबरच्या खोलीत उतरला. पाच नंबरमधील गृहस्थ तक्रार घेऊन आले, तेव्हा वालावलकरांनी त्यांच्यापुढे व्यवस्थापत्र ठेवले. “यातल्या कोणत्या कलमात तुमची हरकत बसते, ते दाखवा.” गृहस्थांनी चष्मा लावून बराच शोध केला. दुपारी त्यांनी खोली सोडली. तीही वालावलकरांनी झाडून घेतली.

१९५८ साली विश्वस्त मंडळाने मला मानद चिटणीस केले. मंडळाचे अध्यक्ष नाना विजयकर, काशीबाईंचे नातू. स्वभावाने उदार आणि कागदपत्रांना भिणारे. कागद माझ्याकडे आले आणि त्यांत मला ‘सेवक नियमावली, १९४९’ सापडली. तिचे अकरावे कलम असे : ‘सेवकाने वयाची साठ वर्षे पूर्ण होतील त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी निवासाची जागा रिकामी करावी. या नियमास अपवाद नाही.’ नियमावली वालावलकरांनीच लिहिली होती. त्या काळी एक वृद्ध रखवालदार काम सुटल्यावरही दोन वर्षे खोली अडवून बसला होता. त्याला बाहेर काढण्यासाठी हे कलम रचले गेले. तेव्हा वालावलकर एकोणपन्नास वर्षांचे होते. साठ हे वय त्यांना दुसऱ्या कोणाचे तरी वाटले असावे.

त्यांची साठ वर्षे ३० एप्रिल १९६० रोजी भरत होती. पत्नी १९३१ साली बाळंतपणात गेली होती, मूल जगले नव्हते. जिन्याखालची खोली सोडली तर मुंबईत त्यांना घर नव्हते, आणि मुंबई सोडण्याची त्यांची इच्छा नव्हती. मार्च महिन्याच्या सभेत नानांनी विषय काढला.

“वालावलकर, एका ओळीचा ठराव. ‘अपवाद नाही’ यातला ‘नाही’ काढला, की झालं. तुम्ही आहात तिथंच राहा.”

“आणि त्या रखवालदाराचं काय?”

“तो कधीच वारला हो!”

“म्हणूनच. त्याची ट्रंक मी माझ्या हातानं रस्त्यावर ठेवली होती. ज्या शब्दावर ठेवली, तो शब्द माझ्या वेळी खोडला, तर ते काम नियमाचं नव्हतं, माझं होतं असं होईल.”

नानांनी माझ्याकडे पाहिले. मी इतिवृत्तात ‘चर्चा झाली, ठराव मांडला गेला नाही’ असे लिहिले.

सभा संपल्यावर मी जिन्याखालच्या त्या खोलीत गेलो. एरवी पुण्याच्या माणसासारखे बोलणारे वालावलकर मनातले बोलू लागले, की मालवणीवर येत. मी त्यांना गावी जाण्याबद्दल विचारले.

“वालावलीक माका ओळखणारो आता कोण नाय. पुतण्याचा घर आसा, पण त्या घरात मी पावणो.”

“आणि इथं?”

“हय पण पावणोच होतलंय. पण हयचो पावणो कसो ऱ्हवता, ता माका म्हायत आसा.”

त्यावरून त्यांचा बेत माझ्या लक्षात आला. ते उतारू म्हणून रांगेत उभे राहणार होते. गणित साधे होते आणि एप्रिलअखेरीस खोल्या सहसा रिकाम्या असत. मात्र त्यांची साठी ज्या दिवशी भरत होती, त्याच मध्यरात्री महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येत होते, हे गणित करताना त्यांच्या ध्यानात राहिले नाही. चार वर्षे ज्याची वाट पाहिली, तो दिवस मुंबईत पाहण्यासाठी माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून लोटली. शनिवारी दुपारपासूनच उतारूगृहासमोर रांग लागली.

सहा वाजता वालावलकरांनी नवे व्यवस्थापक राजाराम नेरूरकर यांच्या हाती किल्ल्यांचा जुडगा दिला, खोलीचे दार बाहेरून लावून घेतले, ट्रंक उचलली आणि नाक्याकडे निघाले. इराण्याला वळसा घालून ते परत आले, तेव्हा रांगेत दोन नंबर उरले होते. सर्वांत पुढे गंगाधरपंत, सोबत त्यांची पत्नी. त्यांच्यामागे आजारी आईला घेऊन आलेले जळगावचे एक गृहस्थ. आणि आता वालावलकर. नाना आणि मी दारात उभे होतो. राजाराम खाली मान घालून म्हणाला, “एकच खोली आहे.”

गंगाधरपंत मागे वळले. “वालावलकर, या की पुढं. आम्ही दादरला मेहुण्याकडं जातो.”

“नंबर देता येत नाही, पंत.”

“अहो, मी देतोय, तुम्ही घ्या की!”

“तुम्ही गेलात, तर नंबर या जळगावच्या पाहुण्यांचा. माझा नाही.”

“काय माणूस आहे हा!” पंत नानांना म्हणाले. “आमचं बेळगाव राह्यलं तिकडं, तरी आनंद करायला आलोय आम्ही. आणि हे स्वतःच्या दारात उभारून नंबर मोजतंय!”

शेवटी पंत दादरला गेलेच. जळगावचे गृहस्थ आईला धरून वर गेले. राजारामाने दारावर ‘खोली शिल्लक नाही’ ही पाटी अडकविली. ती वालावलकरांच्याच हस्ताक्षरातली होती. नानांनी त्यांना आपल्या घरी येण्याचा आग्रह केला, मीही केला. ते दोघांनाही नम्रपणे ‘नको’ म्हणाले आणि ट्रंकेवर बसून राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिव्यांच्या माळा लागत होत्या, मुले पताका बांधीत होती. साठ वर्षांचा तो माणूस घड्याळ काढून पाही आणि पुन्हा खिशात ठेवी. नियमात पुढचे काही लिहिलेले नव्हते.

तेवढ्यात कौसल्याबाई काम आटोपून डबा घेऊन बाहेर आल्या.

“झालं का भाऊ तुमचं? चला.”

“कुठं?”

“वरळीला. आमच्याकडं रांग न्हाय.”

“तुमच्याकडं माणसं किती आहेत?”

“सहा. सातवं मावंल. पण आमचा बी नियम हाय, आधीच सांगते. तीन दिवस. चौथ्या सकाळी ट्रंकेसकट बाहेर.”

वालावलकरांनी वर पाहिले. “सलग?”

“सलग.”

ते उठले आणि त्यांनी ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी कौसल्याबाईंनी धरली. नुसती दया दाखवून दिलेली जागा त्यांनी नाकारली असती. अट घालून दिलेली जागा नाकारण्याजोगे कारण त्यांना सापडले नसावे.

सोमवारी मी वरळीस गेलो. चाळीच्या गॅलरीत, पणत्यांच्या तेलाचे डाग पडलेल्या कठड्याशी, वालावलकर ट्रंकेवर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांचा इतका निवांत चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता. गणपत गमरे पहिल्या पाळीहून आले होते.

“सायेब, ह्यांना काय तरी सांगा,” ते मला म्हणाले. “काल नळावर बायांची भांडणं लागली, तर हे गेले मधी. आता घागरींना नंबर लावलेत खडूनं!”

“भांडणं थांबली की नाही?” वालावलकरांनी विचारले.

“थांबली. आता समद्या मिळून तुमच्याशी भांडतात. आणि काय वो भाऊ, आमच्याकडं वही न्हाय, सही कशावर करता?”

“ती उणीव आहे,” वालावलकर गंभीरपणे म्हणाले, आणि गणपत इतके हसले की शेजारची दोन दारे उघडली.

मंगळवारी, तीन मे रोजी, कौसल्याबाईंनी सकाळी सात वाजता त्यांची ट्रंक दाराबाहेर ठेवली. साडेआठला ते उतारूगृहात हजर होते. नऊ नंबरची खोली रिकामी होती आणि पुढे कोणी नव्हते. राजारामाने उठून किल्ली पुढे केली. “वही,” वालावलकर म्हणाले. ‘कोठून आले’ या रकान्यात त्यांनी ‘वरळी’ असे लिहिले आणि ‘मुंबईस येण्याचे कारण’ या रकान्यात ‘राहणे’.

“भाऊ, हे कारण चालेल?” राजारामाने विचारले.

“कलमात कारणांची यादी नाही.”

पुढील सात वर्षे हाच क्रम चालला. दर चौथ्या सकाळी साडेसात वाजता ते ट्रंक घेऊन बाहेर पडत. खोली मिळाली तर सही करीत. गेली तर वरळीस जात आणि तेथून चौथ्या सकाळी परत येत. ट्रंक वर्षागणिक हलकी होत गेली. नाक्यावरचा इराणी त्या सकाळी एक खुर्ची बाहेर काढून ठेवी. वालावलकर तीवर बसत, परंतु दोन मिनिटांहून अधिक नाही. राजाराम अडला की त्यांना विचारी आणि ते केवळ उतारूच्या नात्याने उत्तर देत. गंगाधरपंत अर्ज घेऊन येतच राहिले. एकदा दोघे एकाच सकाळी फेरीस निघाले आणि तेवढ्यात एका नव्या उतारूने एक खोली घेतल्यामुळे मागे एकच उरली होती. पासष्ट वर्षांचे वालावलकर चार पावलांनी पुढे आले. ते त्यांनी आठवडाभर सर्वांना सांगितले.

एकदा मी त्यांना विचारले, की नानांचा ठराव होऊ दिला असता तर हा खटाटोप वाचला नसता काय? ते म्हणाले, “वाचला असता. पण एकतीस वर्षं मी लोकांना ही फेरी मारायला लावली. सकाळी साडेसातला गिरगाव कसं दिसतं, ते मला ठाऊकच नव्हतं. चांगलं दिसतं.”

१९६७ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस नऊ नंबरमध्ये असतानाच त्यांना ताप भरला. एक ऑगस्ट ही त्यांची चौथी सकाळ. मी राजारामास आदल्या दिवशीच बजावले होते, की त्यांना हलवू नये. सकाळी साडेसातला आम्ही वर गेलो, तर ते कोट घालून, ट्रंक बांधून, भिंतीला टेकून बसले होते. “किल्ली घ्या,” ते म्हणाले. कौसल्याबाईंनी हातातली केरसुणी खाली ठेवली, राजारामाला टॅक्सी आणण्यास सांगितले आणि त्यांना वरळीस नेले. डॉक्टर रोज येऊन जात, न्यूमोनिया होता. चार ऑगस्ट रोजी पहाटे त्यांनी ट्रंक मागितली. मी तेथेच होतो.

“ट्रंक खाटेखाली हाय,” कौसल्याबाई म्हणाल्या. “आणि खाटेखालचं झाडून झालंय. तुम्ही उठायला नको.”

वालावलकरांनी यावर थोडा विचार केला आणि डोळे मिटले. पुढे त्यांनी ट्रंक मागितली नाही. अकरा तारखेस दुपारी, झोपेत, ते गेले. वरळीच्या घरातला त्यांचा तो अकरावा दिवस होता.

नंतर ज्या गोष्टींचा निकाल लागला, त्या अशा. वालावलीहून पुतण्या आला आणि ट्रंक घेऊन गेला. तीत दोन धोतरे, एक कोट आणि व्यवस्थापत्राची एक प्रत होती. ती प्रत त्याने मला दिली. ऑक्टोबरच्या सभेत मंडळाने नियमावलीचे अकरावे कलम बदलले. व्यवस्थापकास निवृत्तीनंतर हयातभर एक खोली द्यावी, असे आता त्यात आहे. ही दुरुस्ती ज्यांच्यासाठी केली असे कोणी म्हणू शकले असते, ते हयात नसताना केली, अशी नोंद मी इतिवृत्तात मुद्दाम घातली. तिचा लाभ पुढे राजारामास झाला. काशीबाईंचे सातवे कलम एका अक्षरानेही बदललेले नाही.

एक गोष्ट राहिली. उतारूगृहाच्या जुन्या व्यवस्थापकाला ज्या घराने सात वर्षे ठेवून घेतले, त्या घराचे आतिथ्य आपण परत करावे, असे मंडळाने ठरविले आणि कौसल्याबाईंना त्या म्हणतील तेव्हा तीन दिवस उतारू म्हणून राहण्याचे लेखी निमंत्रण दिले. मी ते त्यांना वाचून दाखविले. त्यांनी ते घडी करून डब्यात ठेवले.

“नानांना सांगा, कागद मिळाला. पण झोप यायची न्हाय मला तिथं. पडल्या पडल्या कोपरे दिसत राहतील.”

१९७४ साली त्या निवृत्त झाल्या, तेव्हा मी पुन्हा आठवण केली. त्यांनी सुनेचे बाळंतपण पुढे केले. आता त्या थकल्या आहेत आणि वरळीहून फारशा बाहेर पडत नाहीत. निमंत्रणावर मुदत घातलेली नाही. चिटणीसपद सोडताना माझ्या जागी आलेल्या गृहस्थांच्या हाती जे कागद दिले, त्यांत त्याची नक्कल ‘अपूर्ण कामे’ या शीर्षकाखाली ठेवली आहे.